शालिकराम बाबूंची आणेवारी

सिंदेवाहीच्या हायस्कुलात शालिकराम बाबू कारकून होते. हेडमास्तर यायचे आणि बदलून जायचे, पण शाळा खरी चालायची ती बाबूंच्या टेबलावरून. दाखला त्यांच्या हातचा, रजिस्टर त्यांच्या हातचं, आणि एखाद्या मास्तराला रजा हवी असली तर तोही आधी बाबूंचा चेहरा पाहून मगच हेडमास्तरांकडे जायचा. आता, असा एक कारकून प्रत्येक शाळेत असतोच. बाबूंचं नाव पंचक्रोशीत झालं होतं ते दुसऱ्याच कारणानं.

जूनमध्ये मॅट्रिकचा निकाल लागला की त्यांच्या ओसरीवर माणसं येऊ लागत. कुणी बैलबंडीनं, कुणी छोट्या लाईनच्या गाडीनं, कुणी सात-आठ मैल पायी. सोबत पास झालेलं पोरगं असायचं, नवा सदरा घातलेलं आणि उगाच गंभीर. बाप विचारायचा, "बाबूजी, नागपुरात नंबर लागते का याचा?" बाबू चष्मा पुसत, आतून एक लांबट वही आणत, पानं उलटत आणि डोळे मिटून सांगत, "इंजिनिअरीला तीन आणे. सायन्सला नऊ. शेतकीला बारा." म्हणजे सोळा आण्यांपैकी इतक्या आण्यांची आशा.

हे माप त्यांना वडिलांकडून मिळालेलं. वडील सोमाजी पटवारी होते. भात निसवला, लोंब्या बाहेर आल्या, की तहसीलचा साहेब बांध्यांवरून, म्हणजे भाताच्या खाचरांवरून, फिरायचा आणि पीक किती आण्यांचं ते ठरवायचा. सोळा आणे म्हणजे भरलेलं पीक, आठ आणे म्हणजे अर्धं. त्यालाच आणेवारी म्हणत. लहानगा शालिकराम बापाची दप्तराची पिशवी धरून मागं मागं चालायचा, आणि त्यानं तेव्हाच एक गोष्ट पाहून ठेवली. दहा आण्यांच्या पिकाला दहा कुणीच म्हणत नसे. पाटील पाच म्हणायचा, पटवारी सहा, आणि ज्याचं शेत तो तर पिकाकडे पाठ करून असा काही चेहरा पाडायचा की बघणाऱ्याला वाटावं, याच्या घरी कोणी तरी गेलं. आणे कमी लिहिले गेले की सरकारी साऱ्यात सूट मिळायची, म्हणून. यात फसवाफसवी नव्हती. साहेबालाही ठाऊक असायचं, की सांगतील त्यात चार मिळवायचे. कमी सांगायचं हीच रीत होती, आणि चार मिळवून ऐकायचं हीही रीतच.

बाबू मोठे झाले, कारकून झाले, आणि दरवर्षी श्रावणात शाळेच्या कामानं नागपूरला जाऊ लागले. काम अर्ध्या दिवसाचं असे. उरलेला दीड दिवस ते कॉलेजांच्या आवारांतून फिरत आणि नोटीस बोर्डावर लागलेल्या याद्यांमधला शेवटचा आकडा वहीत उतरवून घेत. यंदा शेकडा किती मार्कांवर यादी बंद झाली, गेल्या वर्षी किती, त्याच्या आदल्या वर्षी किती. असं सात-आठ वर्षांचं त्यांच्याजवळ साठलं होतं. एवढी मेहनत त्या काळी नागपुरातल्या कुणा प्रोफेसरानंही घेतली नसेल. बाबूंचा अंदाज हवेतला नव्हता.

पण सांगताना मात्र ते कमी सांगत. एकदा त्यांनी एका मालगुजाराच्या पोराला खरा आकडा सांगितला होता, बारा आणे. पोरगं उरलेल्या चार आण्यांत सापडलं. नंबर लागला नाही, आणि मालगुजारानं भर बाजारात, मिरचीवाल्यांच्या रांगेत उभं राहून बाबूंच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दुधानं तोंड भाजलं की ताकही फुंकून प्यावं म्हणतात. बाबूंनी त्या दिवसापासून पाणीसुद्धा फुंकायला सुरुवात केली. मनात नऊ आले की तोंडातून पाच काढायचे. नंबर नाही लागला तर "मी सांगितलंच होतं" म्हणता येतं, आणि लागला तर बाप पेढे घेऊन येतो. दोन्हीकडून बाबूंचं बरंच. शेतकऱ्यांना ते समजायचं. परत जाताना बंडीत बसले की ते पोराला म्हणत, "बाबू पाच म्हणते म्हणजे नऊ धर. चल, अर्ज भर."

त्रेपन्न साली त्यांच्या ओसरीवर वारलू आला, आपल्या दसरूला घेऊन. वारलू ढिवर, गावच्या मोठ्या तलावावर जाळं टाकणारा. घरी जमिनीचा तुकडा नाही, त्यामुळे पटवारी, सारा, आणेवारी यांच्याशी त्याच्या सात पिढ्यांचा संबंध आलेला नव्हता. दसरू त्याचा थोरला. ढिवरांच्या वस्तीतला पहिला मॅट्रिक, आणि तोही शेकडा चोपन्न मार्कांनी. मास्तर लोक त्याच्याबद्दल आपापसांत बोलत. पोरगं शाळा सुटली की भाताच्या सरकारी संशोधन केंद्राच्या तारेजवळ जाऊन उभं राहायचं आणि आतले साहेब लोंब्या मोजताना बघायचं. त्याला नागपूरच्या शेतकी कॉलेजात जायचं होतं. दुसरं काही त्याच्या डोक्यातच नव्हतं.

अडचण अशी झाली, की त्याच आठवड्यात केंद्रात मजुराची एक कायमची जागा निघाली. साहेबांनी दसरूला तारेजवळ पाहिलेलं होतं. ते म्हणाले, सोमवारी येत असशील तर तुझं नाव घालतो, नाही तर दुसरा. कॉलेजचा अर्ज केला असता तर निवडीपर्यंत दीड-दोन महिने थांबावं लागणार होतं. जागा तोवर थोडीच थांबणार. म्हणून शनिवारी बापलेक बाबूंकडे आले होते.

बाबूंनी वही पाहिली. शेतकीची यादी तीन वर्षांत बावन्न, पंचावन्न आणि त्रेपन्नवर बंद झालेली. पोराला चोपन्न. मनात आकडा आला, नऊ, फार तर दहा. तोंडानं सवयीप्रमाणे चार गाळले.

"पाच आणे," बाबू म्हणाले.

वारलूनं विचारलं, "सोळातले पाच, बाबूजी?"

"हो."

"मंग अकरा आणे तं नाईच हाय."

"मी आपला अंदाज सांगितला," बाबू म्हणाले आणि वही मिटली.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी बाबूंना माहीत नव्हती असं म्हणता येणार नाही. तलावाच्या काठी जन्म गेला होता त्यांचा. उन्हाळ्यात तलावाचं पाणी आटलं की ढिवर सामुदायिक मासेमारी करत. आधी वस्तीतला एक जुना माणूस तीन ठिकाणी जाळं टाकून पाहायचा आणि मासळी किती निघेल ते सांगायचा. त्याच्या शब्दावर सगळ्या घरांचे वाटे ठरत, किती माणसं लावायची ते ठरे. तिथं कमी सांगून चालत नसे, जास्तही नाही. पाण्यावरचा शब्द आहे तसा सांगायचा आणि आहे तसाच ऐकायचा. वारलू स्वतः तसा सांगणारा होता. त्याला कुणी पाच म्हटलं, तर त्याच्या हिशेबानं ते पाचच होते.

बापलेकांनी एकमेकांकडे पाहिलं, बाबूंना नमस्कार केला आणि ते गेले. बाबू चहा प्यायला आत गेले. सगळे भरतात तसा हाही अर्ज भरेल, असं ते धरून चालले होते.

श्रावणात ते नागपूरला गेले. शेतकी कॉलेजच्या बोर्डासमोर उभं राहून त्यांनी यादी वाचली. शेवटचा आकडा होता एकावन्न. बाबू मनातल्या मनात हसले, की वारलूच्या पोरानं बाजी मारली, आता पेढे येणार. मग दसरूचं नाव शोधू लागले. वरून खाली शोधलं, खालून वर शोधलं. चपराशाला विचारलं, आणखी एखादा कागद लागायचा राहिला आहे का. तो म्हणाला, एवढीच यादी. परतीच्या गाडीत नागभीडपर्यंत त्यांनी स्वतःला समजावलं, की नाव लिहिण्यात काही घोळ झाला असेल. पण गाडीला गती कमी आणि विचाराला जास्त. घोळ कुठं झाला असेल ते त्यांना सिंदेवाही यायच्या आधीच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम केंद्राच्या रस्त्यानं गेले. रोवणी चालू होती. दसरू गुडघाभर चिखलात, हातात दोरीचं टोक धरून उभा होता. ती दोरी ताणून धरायची आणि तिच्या रेषेत बायका पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, लावत जायच्या. बाबूंना पाहून तो दोरी तशीच धरून म्हणाला, "बाबूजी, तुमच्या सांगण्यानं वाचलो बाप्पा. अर्ज भरलाच नाई. भरला असता तं हेही गेलं असतं अन् तेही."

वही बाबूंच्या कोटाच्या खिशात होती. पान दुमडलेलं होतं.

"बरं केलंस," बाबू म्हणाले.

हे दोन शब्द त्यांनी का म्हटले, ते त्यांना पुढे कितीदा तरी स्वतःला विचारावं लागलं. पोराला उगाच दुःख कशाला, असं एक उत्तर ते स्वतःला देत. पण माणसाला आपलं खोटं उत्तर लवकर ओळखू येतं. खरं हे होतं, की रस्त्यावर आणखी चार जण उभे होते, आणि बाबूंचा अंदाज चुकला असं त्यांच्या कानावर जायला नको होतं.

त्यानंतर बाबूंचं जेवण कमी झालं. केंद्राचा रस्ता सोडून ते स्टेशनकडून वळसा घालून शाळेत जाऊ लागले. बायको रुखमाबाई दोन-तीन महिने बघत राहिली. मग एका रविवारी दुपारी वाढता वाढता तिनं विचारलं, "काऊन जी, रस्ता काऊन बदलला? कोनाचं घेऊन खाल्लं का?"

बाबूंनी सगळं सांगितलं. सांगताना भाजीवरची नजर वर केली नाही.

ती म्हणाली, "मंग सांगून द्या न त्याले."

"आता सांगून काय होते? गेलेली वेळ गेली. उलट त्याच्या जिवाले लागन."

"त्याच्या जिवाले का तुमच्या नावाले?"

बाबू ताटावरून उठले. रुखमाबाईनं पुन्हा विषय काढला नाही, पण त्या दिवसापासून ओसरीवर लोक जमले की ती चहा आणून ठेवी आणि एक शब्द न बोलता आत जाई. पूर्वी ती तिथंच उंबऱ्याशी बसून ऐकायची.

सगळ्यात वाईट होता तो दसरूचा भाव. त्याच्या मनात राग असता तर बाबूंना बरं वाटलं असतं. पण दसरू दर पोळ्याला आणि दिवाळीला मरळ मासा घेऊन यायचा, केळीच्या पानात गुंडाळून. तो वस्तीतल्या पोरांना सांगायचा, बाबूजींना विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका, बाबूजींनी मला वाचवलं. केंद्रातले साहेब त्याच्यावर खूश होते. नवा साहेब आला, शेतकी कॉलेजातून पास झालेला, विशीतला; त्याला भाताचे वाण ओळखायला दसरूनं शिकवलं. हेही दसरू बाबूंना कौतुकानं सांगायचा. बाबू ऐकत, मान हलवत. त्या रात्रीची मरळ ते ताटात तशीच ठेवून उठत.

तीन वर्षं गेली. मधल्या काळात वारलू तापानं गेला आणि घर दसरूवर आलं. छप्पन साली त्याचा धाकटा भाऊ बिरजू मॅट्रिक झाला, शेकडा पंचावन्न मार्कांनी, आणि जूनमधल्या एका सकाळी दोघे भाऊ बाबूंच्या ओसरीवर येऊन बसले.

"यालेही शेतकीतच जायचं आहे," दसरू हसत म्हणाला. "मी म्हटलं, बाबूजीले विचारू. बांबूच्या डेपोत मोजणीदार पाहून राह्यले. तुम्ही सांगसान तसं करू."

बाबूंनी वही आणली. ती त्यांनी मांडीवर उघडली. या खेपेला एकही आणा गाळायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. आकडे पाहिले, पुन्हा पाहिले, आणि खरं होतं तेच सांगितलं.

"नऊ आणे."

दसरू बिरजूच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "मंग सात आणे तं नाई हाय. राहू दे बिरजू. बापू असता तं त्यानंही हेच म्हटलं असतं. डेपोतच जाय."

बिरजू उठला आणि चपला शोधू लागला.

खरं सांगूनही तेच होत होतं. यांच्यासाठी नऊ म्हणजे नऊच, त्यात वरचे चार मिळवायला यांना कुणी शिकवलंच नव्हतं. अर्ज भरण्यापुरते नऊ पुष्कळ असतात, पाचही पुष्कळ असतात, हे त्यांना कुणी तरी सांगायला हवं होतं, आणि सांगायची जागा हीच, ही ओसरीच होती.

"थांब," बाबू म्हणाले. "बस खाली. दसरू, मले तुले काही सांगायचं आहे."

मग त्यांनी सांगितलं. थांबत थांबत, पण सगळं. मनात नऊ-दहा होते आणि पाच सांगितले, ते. मालगुजारानं बाजारात शिव्या घातल्या होत्या, ते. शेतकरी लोक चार मिळवूनच ऐकतात आणि वारलू मिळवणार नाही हे त्याच्या प्रश्नावरूनच कळायला हवं होतं, तरी वही मिटली, ते. रुखमाबाई आतून येऊन उंबऱ्याशी उभी राहिली होती.

दसरूनं सगळं ऐकून घेतलं. त्याचा चेहरा बदलला नाही. तो हळू आवाजात प्रश्न विचारत गेला, साहेबांना वाफ्याचे आकडे वाचून दाखवताना बोलायचा तसा.

"त्या साली किती मार्कावर बंद झाली, बाबूजी?"

"एकावन्न."

"मले चोपन्न होते."

"हो."

"तुम्हाले कधी समजलं हे?"

"त्याच साली. श्रावणात."

"म्हणजे मी बांधीत दोरी धरून होतो अन् तुम्ही रस्त्यानं आले, तेव्हा तुम्हाले माहीत होतं."

"माहीत होतं."

"मंग पुढच्या सालीही यादी लागली असन न," दसरू म्हणाला. "मार्क तं मले तेच होते. तुम्ही तेव्हाच सांगितलं असतं तं पुढच्या साली अर्ज भरता आला असता मले."

शालिकराम बाबू बावीस वर्षं कारकून होते. दरवर्षी जूनमध्ये नवे अर्ज निघतात, हे सगळ्या तालुक्यात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. चोपन्न सालीही निघाले होते. त्या साली त्यांनी स्वतः अकरा पोरांचे भरून दिले होते. गेलेली वेळ गेली, असं ते रुखमाबाईला म्हणाले होते तेव्हा ती वेळ गेलेली नव्हती, आणि हे त्यांच्या मनात कुठं तरी तेव्हाही होतं. तीन वर्षं ते एका चुकलेल्या अंदाजाबद्दल झुरत होते. अंदाज कुणाचाही चुकतो. त्यानंतरचं जे होतं त्याकडे त्यांनी आजवर मान वळवून पाहिलं नव्हतं.

दसरूनं उत्तराची वाट पाहिली नाही. त्यानं बिरजूचा मार्कांचा कागद पुढं सरकवला.

"आणे नका सांगू आता," तो म्हणाला. "अर्ज कसा भरायचा तेवढं सांगजा. यंदा नाई लागला तं पुढच्या साली भरू. त्याच्या पुढच्याही साली भरू."

बाबूंनी कपाटातून कोरा अर्ज आणला, टाक शाईत बुडवला आणि लिहू लागले. बिरजूचं नाव लिहिलं. गाव, तहसील, जन्मतारीख लिहिली. मार्क लिहिले. दसरू शेजारी बसून प्रत्येक ओळ नीट पाहत होता.

"पालकाचं नाव?" बाबूंनी विचारलं.

"बापू तं राह्यला नाई. माझं लिहा. दसरू वारलू."

बाबूंनी लिहिलं. पुढच्या रकान्याशी त्यांचा टाक थांबला. त्यांनी तो रकाना वाचला, पण विचारलं नाही. दसरूला वाचता येत होतं.

"पालकाचा धंदा," त्यानं मोठ्यानं वाचलं, आणि बाबूंच्या हाताकडे बघत म्हणाला, "मजूर, भात केंद्र. लिहा."

शालिकराम बाबूंनी लिहिलं.